उतार

गॉसफर्थच्या दुकानाबाहेर गाडीच्या बॉनेटवर
नकाशा पसरलाय. चार कोपऱ्यांवर चार वजनं:
थर्मास, टॉर्च, लिंबाच्या लोणच्याची बरणी
आणि निहारचा उजवा बूट.
तरीही वारा समुद्राकडचा कोपरा
उचलून बघतोच.

श्रीरंगला डोंगर हवाय,
वॉस्डेलच्या टोकाला, जिथे रस्ता हात टेकतो.
म्हणतो, सकाळी चेन उघडली की स्कॅफेल पाइक थेट अंगावर.
त्याचे गुडघे यावर काही बोलत नाहीत.
ते रात्रीचे बोलतात, माझ्याशी.

निहारला तळं. काळं, खोल,
पलीकडच्या काठाला कडा ढासळून थेट पाण्यात उतरलेला.
चिलटं फोडून काढतील, मी म्हणाले.
तो म्हणाला, तुला कसं माहीत?
मला माहीत नव्हतं.

आणि मला खाडी.
रेव्हनग्लासला तीन नद्या एकमेकींत घुसतात,
ओहोटीला होड्या कुशीवर लवंडून पडतात म्हणे.
बार्शीत वाढलेल्या बाईला
पाणी निघून जातं याचं काय अप्रूप,
असं श्रीरंग म्हणाला नाही,
पण त्याने थर्मास उचलून चहा ओतला
आणि नकाशाचा तो कोपरा फडफडू दिला.

शेवटी निहारनेच अंगठा टेकवला.
डोंगर, तळं, खाडी,
तिन्ही एका अंगठ्याखाली.
यावरून भांडताय? म्हणाला.

तर भांडणही नकाशाबरोबर घडी घालून
आम्ही तीन ठिकाणी गेलो. तीनही ठिकाणी पाटी: जागा नाही.

साडेसातला एका शेताच्या फाटकाशी
ऐंशीच्या घरातली बाई, गमबुटात, हातात बादली.
आडनाव पोस्टलथ्वेट. श्रीरंगने तीनदा विचारलं,
तिने तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा हळू.
दहा पौंड, नळ गोठ्यामागे,
कुत्रा भुंकतो, पण त्याच्यात अर्थ नसतो.

आम्ही निवडली सगळ्यांत सपाट,
सगळ्यांत हिरवी जागा. गालिचाच.
पहिली मेख सुरीसारखी आत गेली,
तेव्हा ती बादली खाली ठेवून म्हणाली,
तिथे मागच्या हिवाळ्यात माझी कालवड रुतली होती.
मेंढ्या कुठे झोपतात ते बघा.
एवढंच. बादली उचलली, गेली.

अण्णा मोजणी खात्यात होते.
साखळी लावण्याआधी तांब्यातलं उरलेलं पाणी
जमिनीवर सांडायचे आणि उकिडवे बसून
ते कुठे जातं बघायचे.
घोटभर पाणी. आई चिडायची, उन्हाळ्यात तर फारच.
जमीन तोंडाने खोटं बोलेल, म्हणायचे, उताराने नाही.

मी थर्मासातला गार चहा ओतला.
तो जरा थांबला, मग दगडी बांधाच्या उलट दिशेने
खाली निघाला, त्या हिरव्या गालिच्याकडे.
वर, बांधाच्या आडोशाला
गवत चार-पाच ठिकाणी दबलेलं होतं,
हात लावला तर कोरडं, लेंड्याही वाळलेल्या.

तिथे ठोकला. मेखा दगडाला लागून वाकल्या,
श्रीरंगने अस्सल सोलापुरी शिव्या दिल्या,
कुत्रा अर्थाशिवाय भुंकला.
वाऱ्याकडे पाठ करायची म्हणून
दार बांधाकडे आलं.
सकाळी चेन उघडली की काय दिसणार?
दगड. दगडांवर शेवाळ.
वरणभात खाताना याबद्दल कुणीच बोललं नाही.
भाताला किंचित खारट चव होती;
मीठ मी घातलं नव्हतं असं मला वाटतं,
निहार म्हणतो घातलं होतंस.

रात्री पाऊस आला, गेला, पुन्हा आला.
खालच्या गालिच्यावर पाणी वाजायला लागलं.
तीनच्या सुमारास श्रीरंग दचकून उठला,
कोण आहे?
कापडाला बाहेरून एक मोठा फुगवटा आला होता
नेमका त्याच्या पाठीशी.
श्वास घेत होता. ओल्या लोकरीचा वास.
रोजच्या जागेवर झोपायला आलेली.

टॉर्च लावू? निहारने विचारलं.
नको.
श्रीरंगने पथारी माझ्याकडे ओढली,
गुडघे पोटाशी घेतले
आणि तिला जरा जागा केली.